दोन थापा म्हणजे निघा

वहिनी त्या सहलीला गेल्या त्या परदेश बघायला नव्हे, नवऱ्याशी बोलायला.

आता कोणी म्हणेल, त्यासाठी एवढं लांब कशाला जायचं? घरात बोलता येत नाही? तर येतं की. वहिनींच्या घरात बोलणं रोज व्हायचं, फक्त ते एकाच बाजूनं व्हायचं. वहिनी बोलायच्या आणि कॅप्टन वर्तमानपत्राआडून "हं" म्हणायचे. कॅप्टन म्हणजे वहिनींचे यजमान. सैन्याशी त्यांचा संबंध एवढाच, की बूट रोज पॉलिश करायचे. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आणि एकदा जोडून दिली की आपण त्यात कान घालायचा नाही, हा खात्याचा नियम. तो नियम ते घरीही पाळत आणि निवृत्तीनंतर तर जास्तच कसोशीनं पाळू लागले होते.

बोलायचा विषय होता पुढच्या खोलीतली खिडकी. तिच्याखाली वहिनींचं शिलाई मशीन होतं. आळीतल्या पोरांचे गणवेश त्यावर शिवून झाले, ती पोरं मोठी झाली, आणि आता त्यांच्या पोरांचे गणवेश चालू होते. खिडकी पूर्वेची. सकाळभर कापडावर असा उजेड पडायचा की सुई आपणहून दोरा मागून घ्यायची. मागच्या खोलीत मात्र भर दुपारी दिवा लावावा लागे, आणि दिव्याखाली काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा म्हणजे अंदाजपंचे.

आणि कॅप्टननी ठरवलं होतं की मोटारसायकल घ्यायची. रस्त्यावर ती ठेवायची नाही, चोरीला जाईल; पुढच्या खोलीत ठेवायची, दार रस्त्यावरच उघडतं. भिंतीवर नकाशे लावायचे, मित्रांनी बसायचं, क्लब काढायचा. त्याआधी मित्रांबरोबर परदेशात भाड्याच्या गाड्यांवरून एक सहल करून यायची. आणि मशीन? "मागे सरकवू की," असं ते एकदा म्हणाले, आणि वहिनींनी तोंड उघडल्यावर म्हणाले, "सहलीवरून आल्यावर बोलू." वहिनी म्हणाल्या, "आल्यावर तुम्ही गाडीच घेऊन येणार." तेव्हा कॅप्टन म्हणाले, "मग तूही चल. वाटेत निवांत बोलू."

एवढ्या एका वाक्यावर वहिनी तयार झाल्या. मोटारसायकलवर हेल्मेट घालून, वाऱ्यात, पुढच्या माणसाच्या पाठीशी निवांत बोलता येतं की नाही, हा विचार तेव्हा दोघांनीही केला नाही. लग्नाचंही तसंच झालं होतं म्हणा.

मित्र दोन. एक दातवाले. दातांचे डॉक्टर. लोकांच्या तोंडात दोन्ही हात घालून गप्पा मारायची त्यांना सवय, त्यामुळे समोरचा उत्तर देईल अशी अपेक्षाच नसे. दुसरे मोजणीदार. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त. त्यांना कुठलीही गोष्ट सरळ रेषेत नसली की अस्वस्थ वाटायचं. तिघं पुढच्या खोलीत बसून बेत आखत आणि चहाचे कप मशीनवर ठेवत. मशीनच्या लाकडावर कपांची गोल गोल वर्तुळं उठली, तेव्हाच वहिनींनी ओळखायला हवं होतं.

बातमी आळीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "परदेशात गाडी उजवीकडून की डावीकडून, ते आधी लेखी मागून घ्या." शेजारच्या शाळाबाईंनी विचारलं, "या वयात? आणि पाय फाकून बसणार?" वहिनी म्हणाल्या, "एका बाजूला बसले तर घाटात एकाच बाजूला पडेन हो." समोरच्या आजोबांनी तर मोलाचा सल्ला दिला. म्हणाले, "रडू आलं तर हेल्मेटमध्ये रडू नका. पुसता येत नाही." वहिनींना वाटलं म्हातारा चळला. पुढे पटलं.

परवान्याच्या कचेरीत कॅप्टनना इंग्रजी आठाच्या आकड्यावरून गाडी चालवून दाखवायला सांगितलं. त्यांनी इतका डौलदार आठ काढला की शेवटी तो साहेबांच्या टेबलाजवळ येऊन पूर्ण झाला. साहेब दचकून उठले, आणि सही उभ्याउभ्या झाली. कॅप्टन घरी येऊन म्हणाले, "माझ्यासाठी साहेब उठून उभे राहिले!" आठ दिवस आळीत हेच.

तर गेले एकदाचे. तो काळ असा की कुणाच्या खिशात फोन नव्हता. होती ती कागदाची घडी आणि मोजणीदारांचा आत्मविश्वास. गाड्या तिथल्याच एका दुकानातून भाड्यानं घेतल्या. दुकानदारानं गाडीबरोबर नारिंगी जाकिटं आणि पांढरी हेल्मेटं दिली. सगळ्यांना सारखीच. आरशात बघितल्यावर वहिनींना स्वतःच्या जागी रस्ता दुरुस्त करणारा माणूस दिसला.

कॅप्टननी दुकानाबाहेरच नियम सांगितले. पुढे कॅप्टन, मधे मोजणीदार, शेवटी दातवाले. मागे वळून कुणी बघायचं नाही; वळून बघितलं की रांग मोडते. आणि मागे बसणाऱ्यानं तोंडानं बोलायचं नाही, ऐकू येत नाही. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू. दोन थापा म्हणजे बसले, निघा. तीन म्हणजे थांबा.

"आणि बोलायचं असलं तर?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणाला होतात, वाटेत बोलू."

"हं," कॅप्टन म्हणाले आणि किक मारली.

पुढचे काही दिवस वहिनींनी देश पाहिला तो असा: मध्यभागी एक नारिंगी पाठ आणि तिच्या दोन्ही बाजूंना थोडाथोडा डोंगर. एक थाप मारली तर वेग तसाच. तीन मारल्या तर आणखी वाढे. कॅप्टनना वाटे, बायकोला उत्साह आलाय. दोन थापा मात्र चोख चालायच्या. निघणं त्यांना नेहमीच जमे. त्यात वहिनींना हेल्मेटचा पट्टा उघडता येत नव्हता. मुक्कामाला पोचलं की त्या वासरानं गाईसमोर करावी तशी मान पुढे करायच्या. कॅप्टन पट्ट्याकडे बघत, खुटखुट करत तो सोडवायचे आणि दातवाल्यांशी उद्याच्या रस्त्याबद्दल बोलत निघून जायचे. रात्री वहिनी खिडकीचा विषय काढीपर्यंत ते घोरत.

आणि मग तो पेट्रोल पंप आला.

पंपावर तिघांनी टाक्या भरल्या. वहिनी मागच्या बाजूला स्वच्छतागृहात गेल्या. तिथे रांगेत आणखी एक नारिंगी जाकीटवाली बाई उभी होती, डोक्यावर तसंच पांढरं हेल्मेट. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली. आपल्यासारखंच आणखी कुणाचं तरी झालंय, हे बघून वहिनींना बरं वाटलं.

बाहेर आल्या तर नारिंगी पाठ गाडीवर तयार. इंजिन चालू. वहिनींनी खांद्याला धरलं, पाय टाकला, बसल्या, दोन थापा मारल्या. गाडी निघाली.

थोड्या वेळानं वळण आलं. गाडी डावीकडे गेली. वहिनींना वाटलं, आज डोंगर नाही वाटतं, बरं झालं. उतार आला. त्यांनी नुसती सवय म्हणून एक थाप मारली.

गाडी हळू झाली.

वहिनींना वाटलं, भास झाला. त्यांनी पुन्हा एक थाप मारून पाहिली. गाडी आणखी हळू झाली. इतकी, की वारा थांबला आणि पाखरांचा आवाज ऐकू आला. वहिनींचे डोळे भरून आले, आणि तेव्हा समोरच्या आजोबांचं म्हणणं पटलं. मग त्यांनी ठरवलं, हीच वेळ. काच वर केली, पाठीकडे वाकल्या आणि बोलायला लागल्या.

"अहो, ऐका. मी मशीन हलवणार नाही. त्या खोलीत मला दिसत नाही. तुम्हाला वाटतं मी हट्ट करते. हट्ट करायचा असता तर लग्नात केला असता, तुमच्या मामांनी माझ्यासाठी आणलेली साडी स्वतःच्या मुलीला दिली तेव्हा. तेव्हा केला का? नाही. ती खिडकी एवढीच माझी जागा आहे त्या घरात. स्वयंपाकघर माझं म्हणता, ते माझं नाही, ते कामाचं आहे. तुम्ही क्लब काढा, नकाशे लावा, पण माझ्या डोक्यावर नको. कळलं का?"

पुढच्या हेल्मेटनं हो म्हणून मान हलवली.

"नुसती मान नका हलवू. हलवणार नाही ना मशीन?"

हेल्मेट पुन्हा हललं. अगदी समजुतीनं, सावकाश. आतून "म्म" असा आवाजही आला. घरातलं "हं" कोरडं असे. हे "म्म" मऊ होतं. वहिनींना वाटलं, परदेशाच्या हवेत काहीतरी आहे खरंच. मग त्यांनी मामांच्या साडीपासून नणंदेच्या बारशापर्यंत सगळं सांगून घेतलं. प्रत्येक गोष्टीला मान हलत होती. शेवटी घसा सुकला, तेव्हा त्यांनी पाण्यासाठी तीन थापा मारल्या.

गाडी थांबली.

आता मात्र वहिनी चपापल्या. तीन थापांना गाडी थांबते? पुढचा माणूस उतरला. त्यानं हेल्मेट काढलं. आत दाट पांढरे केस होते. कॅप्टनच्या डोक्यावरचे केस त्यांची बढती झाली त्याच वर्षी गेले होते.

वहिनी किंचाळल्या. हेल्मेटच्या आत किंचाळी घुमून त्यांनाच परत ऐकू आली. तो माणूस त्यांच्या काचेतून आत बघत होता, विहिरीत बादली पडल्यावर बघतात तसा. मग त्यानं त्यांच्या हनुवटीखालचं एक लाल बटण दाबलं. पट्टा सुटला. बटण होतं! इतके दिवस बटण होतं! नवरा हरवल्याचं दुःख पळभर बाजूला राहिलं आणि वहिनींना आधी त्या बटणाचा राग आला.

त्या माणसानं दोन्ही हात डोक्याला लावले, रस्त्याकडे बोट दाखवलं, आपल्या बोटातली अंगठी दाखवली. वहिनींनी आपली दाखवली. मग त्यानं मागच्या सीटकडे बोट दाखवून हवेत एका बाईचा आकार काढला. वहिनींना हळूहळू कळलं. पंपावरच्या रांगेतली ती बाई. ती आता कुठे असेल हेही कळलं, आणि तिच्याबद्दल वहिनींना मनापासून वाईट वाटलं.

जवळच पोलीस चौकी होती. आत एक टेबल, एक पंखा आणि एक अधिकारी. अधिकाऱ्याला थोडं इंग्रजी येत होतं, वहिनींनाही थोडं येत होतं. दोघांचंही मोडकं, पण वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं, त्यामुळे एकाचा तुकडा दुसऱ्याला लागत नव्हता.

"कोण हरवलं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"मी," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही तर इथे आहात."

"मग माझा नवरा हरवला."

"त्याला माहीत आहे का, तो हरवलाय ते?"

वहिनींनी विचार केला. "नसेल," त्या म्हणाल्या.

अधिकाऱ्यानं लेखणी खाली ठेवली. हरवलेल्या माणसाला आपण हरवलोय हे माहीत नसेल आणि तक्रार करणारी बाईच सापडलेली असेल, तर नोंद कुठल्या सदरात करायची, हा त्याच्यापुढे पेच होता. शेवटी त्यानं वर्णन विचारलं. उंची? वहिनींनी आपल्या कपाळाच्या वर हात धरला. केस? नाहीत. डोळे? वहिनी थबकल्या. पाठ विचारली असती तर त्यांनी डाव्या खांद्याचा उतारसुद्धा सांगितला असता. "दोन," त्या म्हणाल्या.

पासपोर्ट विचारला तर तो कॅप्टनच्या कमरेच्या पिशवीत. मुक्कामाचं गाव विचारलं तर ते मोजणीदारांच्या नकाशात. तो पांढऱ्या केसांचा माणूस अधिकाऱ्याला आपली बाजू सांगत होता आणि मधेमधे मान हलवून दाखवत होता. अधिकारी हसायला लागला. वहिनींनी विचारलं, काय म्हणतात? तो म्हणाला, "म्हणतो, माझी बायकोही मागे बसून सारखं बोलते. मी मान हलवतो. शब्दांकडे लक्ष नसतं."

वहिनी बाकावर जाऊन बसल्या. म्हणजे मशीनचा निकाल पुन्हा होता तिथेच.

अधिकाऱ्यानं वायरलेसवरून डोंगराकडच्या चौकीला विचारलं. तिथून उत्तर आलं, की हो, इथे एक टकले गृहस्थ मोठमोठ्यानं कुठलीशी भाषा बोलतायत, आणि एक बाई त्यांना हेल्मेटनं मारतेय.

यथावकाश तिन्ही गाड्या आल्या. ती बाई उतरली आणि आपल्या नवऱ्याकडे जाऊन जे बोलायला लागली, त्यातला एकही शब्द वहिनींना येत नव्हता आणि सगळं कळत होतं. नवरा मान हलवत होता. मग ती वहिनींजवळ आली, त्यांचा हात हातात घेतला, कॅप्टनकडे बघितलं आणि लांब सुस्कारा सोडला.

"झालं तरी काय?" वहिनींनी दातवाल्यांना विचारलं.

"अहो वहिनी, काय सांगू! वळणावर उजवीकडे वळलो आणि तुम्ही म्हणजे त्या, कॅप्टनच्या पाठीवर बुक्के मारायला लागल्या. आम्हाला वाटलं, आज भांडण जोरात आहे, मधे पडू नये."

"सारख्या ओरडत होत्या," मोजणीदार म्हणाले. "आणि हा आपला सरळ रेषेत चालला होता."

वहिनी कॅप्टनकडे वळल्या. "ती परक्या भाषेत ओरडत होती. तुम्हाला कळलं नाही?"

"वाऱ्यात भाषा कळते होय?" कॅप्टन दुखावल्या स्वरात म्हणाले. "मी 'हं हं' म्हणत होतो की. मुक्कामाला पोचलो, नेहमीप्रमाणे पट्टा सोडायला गेलो, आणि आत..." त्यांनी टकलावरचं टेंगूळ चाचपलं. "मलाही धक्का बसलाय. कुणी विचारत नाही."

"एवढं होऊन तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की मागे मी नाही?"

"उलट आज तू जास्तच बोलत होतीस. म्हटलं, मशीनचं असणार. म्हणून मी काय ते स्पष्ट सांगून टाकलं, की मशीन मागच्या खोलीत जाणार. तर तू दोन थापा मारल्यास! दोन म्हणजे निघा. म्हटलं, चला, पटलं हिला."

"मी नव्हते हो ती!"

"ते आता कळतंय."

"आणि मला तर या गृहस्थांनी कबूल केलंय, मशीन हलवणार नाही म्हणून. मान हलवून."

"तो कोण मान हलवणारा? घर माझं आहे!"

"आणि ती कोण थापा मारणारी? मशीन माझं आहे!"

दातवाल्यांनी घसा साफ केला. "कॅप्टन, तुला होकार दिला परक्या बाईनं. वहिनींना दिला परक्या बुवानं. दोन्ही रद्द."

"मोजणी पुन्हा पहिल्या खुंटापासून," मोजणीदार म्हणाले.

"ते घरी गेल्यावर बघू," कॅप्टन म्हणाले आणि हेल्मेट उचललं. "अंधार पडायच्या आत डोंगर चढायचाय. चल, बस."

"मी नाही बसत," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पाठीशी बोलून झालं माझं. दोन-दोन पाठींशी बोलून झालं."

कॅप्टननी मित्रांकडे पाहिलं. मित्रांनी वर पंख्याकडे पाहिलं. तेवढ्यात अधिकाऱ्यानं एक कागद पुढे केला. बायको ताब्यात मिळाल्याची पोच हवी होती. आणि एकदा अदलाबदल झाली असल्यामुळे नुसती सही चालणार नव्हती. चौकीच्या नियमाप्रमाणे ओळख पटवून घेणं भाग होतं. त्यानं वहिनींना खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं, कॅप्टनना समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि बोटानं खुणावलं. नीट बघा. घाई नको. हीच का?

"हीच," कॅप्टन म्हणाले.

अधिकाऱ्यानं नाही म्हणून मान हलवली. असं नाही. बघून.

कॅप्टननी बघितलं. चारचौघांत, परक्या अधिकाऱ्यासमोर, बायकोच्या तोंडाकडे इतका वेळ बघायचं म्हणजे माणूस लाजतो, ते लाजले. मग जरा पुढे वाकले. खिडकीतून उजेड वहिनींच्या तोंडावर पडला होता. चष्म्याच्या जाड काचांमागे त्यांचे डोळे आक्रसून लहान झाले होते.

"हा चष्मा कधी केलास?"

"मागच्या वर्षी."

"एवढा जाड?"

"डॉक्टर म्हणाले, आणखी जाड लागेल. सुईचं भोक दिसेनासं झालं होतं. खिडकीपाशी दिसतं अजून."

"मला बोलली नाहीस?"

वहिनींनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. दातवाल्यांनी उघडलेलं तोंड परत मिटलं, आणि हे दातवाल्यांच्या आयुष्यात क्वचितच घडत असे.

"मागच्या खोलीत दिव्याखाली?" कॅप्टननी विचारलं.

"रात्री दिव्याखाली मी चार वेळा बोट शिवून घेतलंय. तुम्ही म्हणालात, टोचलं का? मी म्हटलं, हो. तुम्ही म्हणालात, हं."

अधिकारी लेखणी घेऊन ताटकळत होता. पांढऱ्या केसांचा माणूस आणि त्याची बायकोही निघायचं सोडून दारात उभी होती. त्यांना शब्द कळत नव्हते, पण कुठल्याशा गोष्टीचा निकाल लागतोय हे कळत होतं.

कॅप्टननी सही केली. कागद सरकवला. मग हातातलं हेल्मेट गोल गोल फिरवलं. "मशीन राहू दे तिथेच," ते म्हणाले. आवाज बारीक होता. मित्रांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं काढलेला.

"ऐकू नाही आलं," मोजणीदार म्हणाले.

"मशीन तिथेच राहील!" कॅप्टन ओरडले. पंख्याखालचे कागद हलले. अधिकाऱ्याला वाटलं, ओळख पटली. त्यानं ठप्प करून शिक्का मारला. दारातल्या बाईनं टाळ्या वाजवल्या, आणि तिच्या नवऱ्यानं बायकोकडे बघत घाईघाईनं मान हलवली.

बाहेर गाड्यांपाशी आल्यावर कॅप्टन घुटमळले. किक मारायला पाय उचलला आणि परत खाली टेकवला.

"अगं, पण मग गाडी ठेवायची कुठं?"

उत्तर वहिनींजवळ तयार होतं. जिन्याखाली जुनं कपाट होतं, ते काढलं की मोटारसायकल सहज मावली असती. त्यांनी कापडाच्या टेपनं ती जागा केव्हाच मोजून ठेवली होती. पण कॅप्टन हेल्मेट काखेत धरून, त्यांच्याकडे तोंड करून उभे होते. "हं" म्हणत नव्हते, कुठे निघून जात नव्हते. खरोखरच उत्तराची वाट बघत होते.

असा नवरा वहिनींनी आजवर पाहिला नव्हता. तो त्यांनी आणखी थोडा वेळ पाहून घेतला.